पाथ ट्रॅव्हर्सल: वेब ॲप्लिकेशनमधील या त्रुटीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि चालवणाऱ्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाथ, चिन्हे आणि कोडमधील नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असतात.

१. पाथ ट्रॅव्हर्सल म्हणजे नेमके काय?

वापरकर्त्याकडून आलेल्या मजकुरापासून वेब ॲप्लिकेशन फाइलचा पाथ बनवते आणि तो पाथ ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जाणार नाही याची खात्री करत नाही, तेव्हा ही त्रुटी निर्माण होते. समजा, एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर निकालाची पीडीएफ उतरवून घेण्यासाठी फाइलचे नाव पॅरामीटरमधून जाते आणि सर्व्हरवरचा कोड त्या नावाआधी "/डेटा/निकाल/" जोडून फाइल उघडतो. फाइल सिस्टिममध्ये दोन टिंबांचा अर्थ "वरचे फोल्डर" असा असल्यामुळे, कोणी नावाच्या जागी "../../इटीसी/पासडब्ल्यूडी" असे पाठवले, तर ऑपरेटिंग सिस्टिम निमूटपणे दोन फोल्डर वर जाते आणि तिथून सर्व्हरची प्रणाली-फाइल काढून देते. फोल्डर किती खोल आहे हे हल्लेखोराला ठाऊक असण्याचीही गरज नसते, कारण युनिक्स प्रणालींत रूट फोल्डरच्या वरचे फोल्डर रूटच असते, "../" गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिले, तरी पाथ रूटवरच येऊन थांबतो.

सॉफ्टवेअरमधील उणिवांच्या सीडब्ल्यूई या सार्वत्रिक यादीत हिचा क्रमांक २२ आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या ना-नफा संस्थेच्या २०२१ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत ती पहिल्याच गटात, म्हणजे "प्रवेश-नियंत्रणातील बिघाड" या गटात मोडते. "डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल" हे याच त्रुटीचे दुसरे नाव आहे.

२. लोकल फाइल इन्क्लूजन, आयडॉर आणि पाथ ट्रॅव्हर्सल यांत फरक काय?

पाथ ट्रॅव्हर्सलमध्ये फाइल वाचली किंवा लिहिली जाते. लोकल फाइल इन्क्लूजनमध्ये ती फाइल कोड म्हणून चालवली जाते, त्यामुळे परिणाम अधिक गंभीर असतो, पण तिथे पोहोचण्याचा मार्ग बहुधा पाथ ट्रॅव्हर्सलचाच असतो. आयडॉरमध्ये, म्हणजे मालकी न तपासता मागितलेली वस्तू देऊन टाकण्याच्या त्रुटीत, पाथ ठरलेल्या फोल्डरमध्येच राहतो, मात्र एका विद्यार्थ्याला दुसऱ्याचा निकाल दिसतो. म्हणून पाथची तपासणी कितीही चोख केली, तरी "ही फाइल याच व्यक्तीची आहे का" हा प्रश्न कोडला वेगळा विचारावा लागतो.

३. "/इटीसी/पासडब्ल्यूडी" या फाइलमध्ये पासवर्ड नसतातच. मग ती कोणी वाचली, तर बिघडले काय?

आजच्या लिनक्स प्रणालींत पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी रूपे) "शॅडो" नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती वाचण्याची परवानगी सामान्य प्रोसेसला नसते, हे खरे आहे. तरीही तपासनीस "पासडब्ल्यूडी" मागतात, कारण ती प्रत्येक युनिक्स प्रणालीवर त्याच जागी असते, सर्वांना वाचता येते आणि तिची ठेवण लगेच ओळखू येते. तिचा उपयोग भगदाड आहे हे सिद्ध करण्यापुरता असतो. खरे नुकसान त्यानंतर होते. ॲप्लिकेशनच्या "एन्व्ह" फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, कॉन्फिगरेशनमध्ये टोकनवर, म्हणजे लॉगिन झाल्याच्या डिजिटल ओळखपत्रावर, सही करण्याची गुप्त किल्ली असते, होम फोल्डरमध्ये एसएसएचच्या खासगी किल्ल्या असतात, "प्रॉक" फोल्डरमधून चालू प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचता येतात. सही करण्याची किल्ली हाती आली की हल्लेखोर कोणाच्याही नावाने लॉगिन झालेले टोकन स्वतः तयार करू शकतो. म्हणून "फक्त वाचता येते" अशी नोंद करून ही त्रुटी कमी धोक्याच्या रकान्यात टाकणे मला चुकीचे वाटते.

४. मी ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये "../../" टाकून पाहिले, काहीच झाले नाही. म्हणजे आमचे संकेतस्थळ सुरक्षित आहे ना?

या चाचणीवरून तसे म्हणता येत नाही. यूआरएलच्या पाथमधील टिंबांचे भाग ब्राउझर विनंती पाठवण्याआधीच सोडवून टाकतो. आरएफसी ३९८६ या मानकात ही कृती वर्णिलेली आहे, आणि आजचे ब्राउझर "%२ई%२ई" अशी सांकेतिक टिंबेही साध्या टिंबांसारखीच हाताळतात. तुम्ही लिहिलेले "../" सर्व्हरपर्यंत पोहोचलेच नाही, मग सर्व्हरची परीक्षा झाली असे कसे म्हणावे? कमांड लाइनवरून वेब विनंत्या पाठवणारे कर्ल हे साधनही मुळात तसेच वागते. पाथ जसाच्या तसा पाठवण्यासाठी त्याला "पाथ-ॲज-इज" हा पर्याय द्यावा लागतो. प्रश्नचिन्हानंतरचा, म्हणजे क्वेरीमधला मजकूर मात्र ब्राउझर अशा रीतीने सोडवत नाही, त्यामुळे तिथली चाचणी ब्राउझरमधूनही होऊ शकते. चाचणी अर्थातच स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या प्रणालीवरच करावी (प्रश्न २१ पाहा).

५. येणाऱ्या मजकुरातून "../" काढून टाकले की प्रश्न मिटला ना?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिली अडचण अगदी साधी आहे. "....//" या मजकुरातून "../" एकदा काढले की उरते ते "../"च. दुसरी अडचण संकेतनाची, म्हणजे तेच चिन्ह दुसऱ्या रूपात लिहिण्याची आहे (ते मूळ रूपात आणणे म्हणजे डिकोडिंग). टिंब आणि तिरकी रेघ यूआरएलमध्ये "%२ई" आणि "%२एफ" अशीही लिहिता येतात, आणि त्यातील टक्का चिन्ह पुन्हा "%२५" असे लिहिता येते. तुमचे गाळण ज्या टप्प्यावर बसले आहे त्याच्या पुढे कुठेही आणखी एकदा डिकोडिंग होत असेल, तर गाळणाने पाहिलेला मजकूर आणि फाइल उघडताना वापरलेला मजकूर हे दोन वेगळे मजकूर असतात. या त्रुटीची मेख इथेच आहे: एकच मजकूर दोन घटक दोन वेगळ्या अर्थांनी वाचतात, आणि हल्लेखोर त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीतून आत येतो.

याची साक्ष जुनी आहे. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने आयआयएस ४ आणि ५ या वेब सर्व्हरमधील अशा त्रुटीबद्दल एमएस००-०७८ ही सूचना काढली. तिरकी रेघ यूटीएफ-८ मध्ये एका बाइटने लिहायची असते. ती नियम मोडून दोन बाइटांत, "%सी०%एएफ" अशी लिहिली, तर सर्व्हरच्या तपासणीला ती रेघ म्हणून ओळखू येत नसे, पण पुढच्या टप्प्यावर तिची रेघच होत असे. पुढच्या वर्षी, मे २००१ मध्ये, त्याच सर्व्हरमध्ये दोनदा डिकोडिंग होण्याची त्रुटी सापडली (एमएस०१-०२६). सप्टेंबर २००१ मध्ये जगभर पसरलेल्या निम्डा या वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत या दोन्ही त्रुटी होत्या, आणि तोपर्यंत दोन्हींवरची दुरुस्ती उपलब्ध होऊन बरेच महिने लोटले होते.

मजकूर धुऊन घेण्याऐवजी अंतिम पाथ कुठे जातो हे तपासणे हाच खरा उपाय आहे. त्याची रीत प्रश्न ८ मध्ये दिली आहे.

६. आम्ही नावाच्या शेवटी ".पीडीएफ" स्वतः जोडतो. मग दुसरी फाइल कशी वाचली जाईल?

शेपूट जोडल्याने हल्ला अवघड होतो, पण थांबतोच असे नाही. पीएचपीच्या ५.३.४ पूर्वीच्या आवृत्त्यांत नावात शून्य बाइट घातले की खालच्या सी भाषेतील फंक्शनला नाव तिथेच संपल्यासारखे वाटे आणि जोडलेले शेपूट गळून पडे. फोर्टिनेटच्या एसएसएल व्हीपीएनमधील सीव्हीई-२०१८-१३३७९ या त्रुटीत (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) भाषेच्या फाइलचे नाव घेऊन त्याला ".जेसन" जोडले जात होते, पण तयार झालेला पाथ ठरावीक लांबीच्या जागेत लिहिला जात असल्यामुळे नाव पुरेसे लांब केले की शेपटाला जागाच उरत नसे. आणि काही गळले नाही, तरी त्या सर्व्हरवरील इतर सर्व पीडीएफ वाचता येतातच, ज्यांत दुसऱ्या ग्राहकांच्या पावत्याही असू शकतात.

७. हे फक्त फाइल वाचण्यापुरते आहे का? अपलोडचे काय?

लिहिण्याचा मार्ग वाचण्याच्या मार्गापेक्षा अधिक घातक असतो. अपलोड करताना ब्राउझर फाइलचे नाव विनंतीतच पाठवतो आणि ते नाव हल्लेखोर हवे तसे बदलू शकतो. सर्व्हरने ते नाव जसेच्या तसे वापरले, तर फाइल अपलोडच्या फोल्डरऐवजी वेबच्या मूळ फोल्डरमध्ये, नियोजित कामांच्या फोल्डरमध्ये किंवा एखाद्या कॉन्फिगरेशनच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि तिथून परक्याचा कोड चालू होण्यास वेळ लागत नाही. फाइल हटवण्याच्या सोयीलाही हेच लागू आहे. ती सोय तपासायला मात्र अनेक जण विसरतात.

८. मग योग्य दुरुस्ती कोणती? एकदाच, नीट सांगा.

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे वापरकर्त्याने दिलेले नाव पाथमध्ये जाऊच न देणे. फाइल साठवताना तिला सर्व्हरने तयार केलेला यादृच्छिक ओळखक्रमांक द्यावा, मूळ नाव, मालक आणि प्रकार डेटाबेसमध्ये ठेवावेत, आणि मागणी आली की ओळखक्रमांकावरून नोंद शोधून, मालकी तपासून मगच फाइल द्यावी. २ मे २०२४ रोजी अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा आणि तपास संस्था एफबीआय यांनी सॉफ्टवेअर उत्पादकांसाठी या त्रुटीवर संयुक्त सूचनापत्र काढले, त्यातही हाच उपाय सांगितला आहे. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या सिसाच्या यादीत या प्रकारच्या ५५ त्रुटी असल्याचे त्या पत्रात नमूद होते. उपाय दशकानुदशके ठाऊक असूनही ही संख्या इतकी आहे, हे उत्पादकांनी मनावर घ्यायला हवे.

निवडीच्या फाइली मोजक्याच असतील, उदाहरणार्थ भाषा किंवा टेम्प्लेट, तर कोडमध्येच यादी ठेवावी आणि यादीत नसलेले नाव नाकारावे.

नाव पाथमध्ये घ्यावेच लागत असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. मजकूर एकदाच डिकोड करावा. तो मूळ फोल्डरला जोडावा. जोडलेला पाथ ऑपरेटिंग सिस्टिमच्या साहाय्याने पूर्ण सोडवून घ्यावा. सी आणि पायथनमध्ये यासाठी "रिअलपाथ" आहे, जावामध्ये "गेट कॅनॉनिकल पाथ" किंवा "टू रिअल पाथ" आहे. त्यानंतर हा सोडवलेला पाथ मूळ फोल्डरच्या आतच आहे ना, हे तपासावे (तपासणीतली चूक प्रश्न ९ मध्ये पाहा), आणि फाइल उघडताना हाच सोडवलेला पाथ वापरावा. तपासायचा एक आणि उघडायचा दुसरा, असे झाले की सारी मेहनत वाया जाते. अनेक फ्रेमवर्कमध्ये हे काम करणारी फंक्शने तयार मिळतात: फ्लास्कमध्ये "सेंड फ्रॉम डिरेक्टरी", जँगोमध्ये स्वतःची "सेफ जॉइन", एक्सप्रेसच्या "सेंड फाइल"मध्ये "रूट" हा पर्याय. स्वतः लिहिण्याआधी ती वापरावीत.

याच्याही खाली एक थर आहे, तो ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्स ५.६ पासून "ओपनॲट२" या सिस्टिम कॉलला "रिझॉल्व्ह बिनीथ" हा पर्याय देता येतो. मग ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर नेणारा पाथ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच नाकारतो. गो भाषेत १.२४ या आवृत्तीपासून (फेब्रुवारी २०२५) "ओएस रूट" हा याच हेतूचा प्रकार मानक लायब्ररीत आला आहे. आणि ॲप्लिकेशन ज्या खात्याने चालते, त्या खात्याला लागतील तेवढ्याच फाइलींची परवानगी असावी.

९. आम्ही सोडवलेला पाथ "/व्हार/ॲप/डेटा" ने सुरू होतो का, हे तपासतो. तरी तपासनिसाने त्रुटी काढली. का?

कारण "/व्हार/ॲप/डेटा-जुना/पगार.सीएसव्ही" हा पाथही त्याच अक्षरांनी सुरू होतो. अक्षरांची तुलना न करता फोल्डरांची तुलना करावी: मूळ फोल्डरच्या शेवटी तिरकी रेघ घेऊन तुलना करावी किंवा भाषेतील पाथची स्वतंत्र तुलना वापरावी. जावामध्ये स्ट्रिंगचे "स्टार्ट्स विथ" आणि पाथचे "स्टार्ट्स विथ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरी फोल्डरनिहाय तपासते. पायथनमध्ये "कॉमन पाथ" किंवा पाथलिबमधील "इज रिलेटिव्ह टू" वापरावे. मूळ फोल्डर स्वतः सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, असेल, तर तोही आधी सोडवून घ्यावा, नाहीतर योग्य विनंत्याही नाकारल्या जातील.

१०. पाथ जोडणारे मानक फंक्शन वापरले, तर ते आपोआप सुरक्षित नसते का?

नसते, आणि काही वेळा ते साध्या जोडणीपेक्षा धोकादायक ठरते. पायथनच्या "ओएस पाथ जॉइन"ला दुसरा भाग "/इटीसी/पासडब्ल्यूडी" असा पूर्ण पाथ दिला, तर ते पहिला भाग सरळ टाकून देते. डॉटनेटचे "पाथ कम्बाइन"ही तसेच करते. म्हणजे "../" न लिहिताही हल्ला होतो. नोडच्या "पाथ जॉइन"मध्ये पूर्ण पाथने मूळ फोल्डर गळत नाही, पण "../" मात्र सोडवला जातो आणि बाहेर जाता येते.

११. आमचे वापरकर्ते मराठी नावांच्या फाइली अपलोड करतात. केवळ रोमन अक्षरे आणि अंकांना परवानगी दिली, तर "सातबारा उतारा.पीडीएफ" नाकारली जाते. काय करावे?

हा प्रश्न मोलाचा आहे, कारण इंग्रजीतील बहुतेक मार्गदर्शक पाने "केवळ रोमन अक्षरे आणि अंक स्वीकारा" एवढे सांगून थांबतात आणि त्याचा भुर्दंड मराठी वापरकर्त्याला बसतो. सुरक्षितता आणि स्वतःच्या भाषेत फाइलला नाव देण्याची मुभा यांत निवड करण्याची काहीच गरज नाही.

डिस्कवरचे नाव आणि दाखवायचे नाव वेगळे ठेवावे. डिस्कवर प्रश्न ८ मध्ये सांगितलेला ओळखक्रमांक जातो, "सातबारा उतारा.पीडीएफ" हे नाव डेटाबेसमध्ये यूटीएफ-८ मजकूर म्हणून राहते आणि पाथला कधीच स्पर्श करत नाही. फाइल परत देताना ते नाव "कंटेंट-डिस्पोझिशन" हेडरमध्ये तारांकित "फाइलनेम" पॅरामीटरने पाठवावे; आरएफसी ६२६६ मध्ये त्याची पद्धत आहे आणि आजचे ब्राउझर ती पाळतात. पानावर नाव दाखवताना ते एचटीएमएलसाठी एस्केप करावे, आणि नियंत्रण-वर्ण, म्हणजे नवी ओळ वगैरे, हेडरमध्ये जाऊ देऊ नयेत.

मराठी नावे थेट डिस्कवर लिहिणाऱ्यांना आणखी एक अडथळा येतो. देवनागरीचा प्रत्येक युनिकोड वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची असल्यामुळे ८५ देवनागरी वर्णांत ती संपते. सरकारी पत्रांची लांबलचक नावे ही मर्यादा सहज ओलांडतात, आणि घाईने लिहिलेला कोड नाव मध्येच कापतो, कधी ३ बाइटांच्या वर्णाच्या मधोमध. ओळखक्रमांक वापरला की हा त्रासही जातो.

१२. झिप किंवा टार फाइल उघडताना हा धोका कसा येतो?

संग्रहित फाइलमधील प्रत्येक नोंदीला नाव असते, आणि ते नाव "../../" ने सुरू होण्यास स्वरूपाची आडकाठी नसते. उघडणाऱ्या कोडने ते नाव तपासले नाही, तर फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर लिहिली जाते. जून २०१८ मध्ये स्निक या कंपनीने "झिप स्लिप" या नावाने हा प्रकार अनेक भाषांतील प्रकल्पांत आढळल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी संग्रहित फाइली उघडणाऱ्या विनरारमधील अशीच त्रुटी दाखवली (सीव्हीई-२०१८-२०२५०): एस (एसीई) या संग्रह-स्वरूपाची फाइल उघडली की हल्लेखोराचा प्रोग्रॅम विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसत असे. हे स्वरूप उघडणारी लायब्ररी दुसऱ्याची आणि जुनी होती, तिचा मूळ कोड विनरारकडे नव्हता, म्हणून त्या स्वरूपाचा आधारच काढून टाकण्यात आला.

टार फाइली उघडणाऱ्या पायथनच्या टारफाइल मॉड्यूलची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याबद्दलचा सीव्हीई २००७ मधला (सीव्हीई-२००७-४५५९) आहे. बचावाचे "फिल्टर" ३.१२ मध्ये आले आणि ३.१४ पासून "डेटा" हे सुरक्षित फिल्टर आपोआप लागू होते. जुन्या आवृत्तीवर असाल, तर ते स्वतः द्यावे लागते.

१३. पाथ सोडवून तपासला, तरी सिम्बॉलिक लिंकमुळे त्रास होऊ शकतो का?

होय, आणि तो वेळेच्या अंतरातून येतो. तुम्ही पाथ तपासला त्या क्षणी ते साधे फोल्डर होते. फाइल उघडली त्या क्षणी तिथे लिंक आली होती. ज्या फोल्डरमध्ये अविश्वासू व्यक्ती किंवा प्रोसेस लिहू शकते तिथेच हे शक्य असते, म्हणून साध्या संकेतस्थळापेक्षा सामायिक होस्टिंग, बिल्ड सर्व्हर आणि ऑनलाइन कोड चालवून देणाऱ्या सेवा यांना याची झळ जास्त बसते. टार फाइल आधी एक लिंक आणि मग त्या लिंकमार्फत एक फाइल लिहून हाच डाव एकाच संग्रहात साधू शकते. तपासणे आणि उघडणे या दोन कृती एकच करणे, म्हणजे प्रश्न ८ मधील कर्नलचा मार्ग, हा यावरचा पक्का उपाय आहे.

१४. विंडोज सर्व्हरवर वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते. तिथे उलटी आणि सुलटी दोन्ही रेघा विभाजक म्हणून चालतात, त्यामुळे केवळ "/" शोधणारी तपासणी अपुरी पडते. "सी:" सारखे ड्राइव्हचे अक्षर किंवा दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्क पाथ दिल्यास मूळ फोल्डर गळू शकतो. नेटवर्क पाथ तर सर्व्हरला हल्लेखोराच्या यंत्राकडे लॉगिनची ओळख पाठवायला लावू शकतो. नावाच्या शेवटची टिंबे आणि मोकळ्या जागा विंडोज काढून टाकते, अक्षरांचा लहान-मोठेपणा साधारणपणे पाहत नाही, आणि "कॉन", "एनयूएल" ही नावे उपकरणांसाठी राखीव आहेत. लिनक्सवर विकसित करून विंडोजवर बसवलेल्या ॲप्लिकेशनची तपासणी विंडोजवरच करावी.

१५. आमच्या कोडमध्ये फाइल उघडणेच नाही; सगळे अपाचे किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पाहतो. तरी धोका आहे का?

आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या अपाचे २.४.४९ मध्ये पाथ सोडवण्याचा कोड बदलला होता आणि त्यात ".%२ई/" असे अर्धवट सांकेतिक रूप ओळखलेच जात नव्हते (सीव्हीई-२०२१-४१७७३). ४ ऑक्टोबरला २.४.५० ही दुरुस्ती आली. ती दुहेरी संकेतनापुढे अपुरी ठरली (सीव्हीई-२०२१-४२०१३) आणि ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये संपूर्ण फाइल सिस्टिमसाठी "रिक्वायर ऑल डिनाइड" ही ओळ जागेवर होती, त्यांच्या बाहेरच्या फाइली सुरक्षित राहिल्या. जिथे ती ओळ नव्हती आणि सीजीआय, म्हणजे विनंतीवरून सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय, चालू होते, तिथे थेट आज्ञा चालवता येत होत्या.

एनजिनएक्समध्ये चूक बहुधा कॉन्फिगरेशनची असते. "लोकेशन /चित्रे" असे शेवटच्या रेघेविना लिहून "अलियास /डेटा/चित्रे/" असे रेघेसह दिले, तर "/चित्रे../" ही विनंती "/डेटा/चित्रे/../" होते आणि एक फोल्डर वरचे सगळे उघडे पडते. दोन्हीकडे शेवटची रेघ द्यावी.

पुढे एक आणि मागे दुसरा सर्व्हर असेल, तर प्रश्न ५ मधली फट पुन्हा उघडते. जावा ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट हा सर्व्हर अर्धविरामानंतरचा भाग पाथचा पॅरामीटर समजून वगळतो, तर विनंती मागे पोहोचवणारा पुढचा प्रॉक्सी "..;" हे साधे फोल्डरचे नाव समजतो. जुलै २०२० मधील एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या नेटवर्क उपकरणाची त्रुटी (सीव्हीई-२०२०-५९०२) याच विसंगतीतून आली.

१६. कोड तपासणारे साधन इशारा देते, पण आम्हाला तो खोटा वाटतो. दाबून टाकावा का?

आधी ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये ८.०.०-बीटा१ ते ८.३.० या आवृत्त्यांत लॉगिनशिवाय सर्व्हरवरील फाइली वाचता येतात, असे उघड झाले (सीव्हीई-२०२१-४३७९८). प्लगइनच्या फाइली देणाऱ्या ओळीवर साधनाचा इशारा होताच. "प्लगइनचे फोल्डर डिस्कवरून ठरते, वापरकर्त्याकडून नाही" अशी टिप्पणी लिहून तो दाबला होता. फोल्डरबद्दलचे विधान खरे होते, पण त्यापुढे जोडलेले फाइलचे नाव यूआरएलमधूनच येत होते. ते गोच्या "क्लीन" फंक्शनमधून गेले होते, परंतु हे फंक्शन सापेक्ष पाथच्या सुरुवातीचे "../" काढत नाही, केवळ रूटपासून सुरू होणाऱ्या पाथचे काढते. इशारा दाबायचा असेल, तर पाथच्या प्रत्येक तुकड्याचा उगम लिहून दाखवावा आणि ते दुसऱ्या व्यक्तीने वाचावे.

१७. वेब ॲप्लिकेशन फायरवॉल लावली आहे, ती पुरेल का?

दुरुस्ती होईपर्यंत वेळ मिळवण्यासाठी ती उपयोगी आहे. पण तीही मजकूर पाहूनच निर्णय घेते, त्यामुळे प्रश्न ५ मधील सर्व मर्यादा तिला लागू आहेत.

१८. आमचे ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या इतर भागापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालते. यजमान यंत्रावरच्या फाइली दिसणार नाहीत, बरोबर?

सहसा दिसणार नाहीत, परंतु गुपिते बहुधा कंटेनरच्या आतच असतात: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, जोडलेल्या गुप्त फाइली, आणि कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला) आपोआप मिळणारे सर्व्हिस अकाउंटचे टोकन. टोकन लागत नसेल, तर ते जोडणे बंद करावे.

१९. फाइली नसून ऑब्जेक्ट स्टोरेज किंवा अंतर्गत एपीआय असेल, तर हा विषय लागू होतो का?

वेगळ्या रूपात होतो. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये फोल्डर नसतात, किल्ली हा केवळ मजकूर असतो, पण त्याच किल्लीच्या नावाने फाइल स्थानिक डिस्कवर उतरवली की "../" पुन्हा जिवंत होते. अंतर्गत एपीआयच्या बाबतीत, वापरकर्त्याने दिलेला क्रमांक "/ग्राहक/" पुढे जोडून मागच्या सेवेला यूआरएल पाठवला जात असेल, तर "../प्रशासन" असा क्रमांक देऊन विनंती भलत्याच ठिकाणी नेता येते. क्रमांक हा क्रमांकच आहे हे तपासावे आणि यूआरएलचा प्रत्येक भाग जोडण्याआधी संकेतित करावा.

२०. आमच्याकडे त्रुटी होती, दुरुस्ती बसवली. आता काम संपले का?

त्रुटी किती काळ उघडी होती आणि त्या काळात काय वाचले गेले असू शकते, हे पाहिल्याशिवाय संपले असे म्हणू नये. लॉगमध्ये टिंबे, "%२ई", "%२५२ई", उलटी रेघ आणि "..;" ही रूपे शोधावीत; उत्तराचा संकेत २०० आहे का आणि उत्तराचा आकार नेहमीपेक्षा वेगळा आहे का, हे पाहावे. पोस्ट विनंतीचा मजकूर लॉगमध्ये सहसा येत नाही, म्हणून लॉग स्वच्छ दिसणे हा पुरावा नव्हे. ज्या गुपितांपर्यंत पोहोचता येत होते, ती सर्व बदलावीत.

हे न केल्यास काय होते, ते प्रश्न ६ मधील फोर्टिनेटच्या त्रुटीने दाखवले. तिच्यातून वाचता येणाऱ्या सेशनच्या फाइलमध्ये नावे आणि पासवर्ड उघड्या मजकुरात होते. दुरुस्ती मे २०१९ मध्ये उपलब्ध झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांची लॉगिन माहिती उघड झाली, आणि दुरुस्ती बसवूनही ज्यांनी पासवर्ड बदलले नव्हते ते धोक्यातच आहेत, असे कंपनीला सांगावे लागले.

भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत: निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात.

२१. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर ही त्रुटी दिसली. खात्री करून घेण्यासाठी एकदा "../" टाकून पाहिले, तर चालेल का?

परवानगीशिवाय टाकू नये. ब्रिटनमध्ये २००४ च्या अखेरीस त्सुनामीग्रस्तांसाठी देणगी दिलेल्या एका सुरक्षा तज्ज्ञाला ते संकेतस्थळ बनावट असल्याचा संशय आला आणि त्याने पत्त्यात "../../../" टाकून पाहिले. संकेतस्थळ खरे होते. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने त्याला १९९० च्या कॉम्प्युटर मिसयूज कायद्याखाली दोषी ठरवून ४०० पौंड दंड आणि ६०० पौंड खर्च भरायला लावला. हेतू वाईट नव्हता हे त्याला वाचवू शकले नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना प्रवेश करणे आणि माहिती उतरवून घेणे ही दोन्ही कृत्ये येतात. ती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शासनाने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या प्रणालींबाबत कलम ७० खाली ही मर्यादा १० वर्षांपर्यंत जाते.

संस्थेने त्रुटी कळवण्याचे धोरण प्रसिद्ध केले असेल, तर त्याच्या चौकटीतच राहावे. तसे धोरण नसेल, तर जे सहज वापरात दिसले तेवढेच, म्हणजे यूआरएल, पॅरामीटरचे नाव, वेळ आणि संशयाचे कारण, सर्ट-इनला कळवावे. अशा त्रुटी स्वीकारून संबंधितांपर्यंत नेण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. पुरावा म्हणून कोणतीही फाइल उतरवून जोडू नये. हात बसवण्यासाठी ओवॅस्पचे वेबगोट हे मुद्दाम त्रुटी ठेवलेले सराव-ॲप्लिकेशन स्वतःच्या संगणकावर चालवता येते, आणि पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीत या त्रुटीचे सराव विनामूल्य आहेत; प्रश्न ५, ६ आणि १० मधील बहुतेक पळवाटा तिथे परवानगीने करून पाहता येतात.